हातातूनच झालं

आण्णा घरात शिरण्याआधी खाकरायचे. एकदा कडुलिंबाच्या झाडापाशी आणि एकदा ओट्याची पायरी चढताना. पहिलं खाकरणं म्हणजे 'येऊन राह्यलो', दुसरं म्हणजे 'आलो'. सोबत पाहुणा असला तर लिंबापाशी दोनदा खाकरायचे, म्हणजे चहाचं आधण आधीच वाढवता यायचं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. वडीगोद्रीहून आत, शेतात आमची वस्ती आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला दमा असावा. मी नणंदेला तसं विचारलं तर ती पोट धरून हसली. "वैनी, ते तुझ्यासाठी खाकरतेत. तू डोक्यावर पदर घ्यावा म्हणून." मी अंबडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगितलं. मला तेव्हा त्या खाकरण्याचा रागच आला. स्वतःच्या घरात शिरायला माणसाला परवानगी कशाला लागते, असं वाटायचं. ते परवानगी मागत नव्हते, मला सावरायला वेळ देत होते, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्याशी, ही आमच्याकडची रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्या पोचवायच्या. त्या गेल्यावर घरात आम्ही दोघंच दिवसभर. माझा नवरा साखर कारखान्यावर कामाला, मुलं शाळेत. मग ते काम गाईकडे आलं. लाल कंधारी गाय होती आमची, तिला तांबडी म्हणायचो. आण्णा गोठ्यात उभे राहायचे आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगायचे, "तांबडे, आज वाटूरचे पाव्हणे येऊन राह्यले. भाकरी जास्तीच्या टाकाव्या लागतेन." मी चुलीपुढून म्हणायची, "तांबडे, पीठ संपलंय. गिरणीवर कोण जाईल?" की आण्णा डबा उचलून चालू पडायचे. एकदा मला ताप आला होता. तेव्हा ते गाईला म्हणाले, "तांबडे, लेकराला दवाखान्यात न्यायला पायजे." मी आतून विचारलं, कोणत्या लेकराला? मुलं तर शाळेत गेली होती. आण्णांनी तांबडीपुढचा कडबा सारखा केला. मग म्हणाले, "तांबडे, तुला तरी कळतं का न्हाई?"

तरुणपणी ते त्यांच्या वडिलांबरोबर मेंढरांमागं हिंडलेले. पुढं मेंढरं गेली, शेती आली; पण पायातलं हिंडणं गेलं नाही. वडीगोद्रीला जायला मुलगा मोटारसायकलीवर बस म्हणायचा, तर हे म्हणायचे, "तू हो फुडं. बिलकुल सोपं काम हे, जरा चालावं लागंल." कुठल्याही कामाला हेच उत्तर. लग्न जमवायचं असो, तलाठ्याला गाठायचं असो, बिलकुल सोपं काम हे, जरा चालावं लागंल. आपण चालू शकतो याचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा मला माझ्या डिग्रीचा आहे.

म्हणून ते थांबायला लागले तेव्हा त्यांनी ते लपवलं. शेताच्या टोकाहून येताना मध्येच उभे राहायचे, कपाशीची बोंडं पाहिल्यासारखं करायचे. पण बोंडं पाहणाऱ्याची मान खाली असते. आण्णांची मान वर असायची आणि तोंड उघडं. मी ओट्यावरून पाहायची. लिंबापाशी यायचे तेव्हा खाकरायलाही दम उरलेला नसायचा. पहिलं खाकरणं बंद झालं, फक्त पायरीवरचं राहिलं, तेही बारीक. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं तर आण्णा त्याच्यावरच ओरडले, "मला काय झालंय? तू तुझं पाह्य जरा!" आजारी पडणं ही जणू त्यांनी केलेली चोरी होती.

शेवटी बांधावर छातीवर हात दाबून बसलेले शेजारच्या वस्तीवरच्या किसनबाप्पांना सापडले आणि आम्ही त्यांना जालन्याला नेलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हृदयाची उजवी नस सुरुवातीपासून थोड्या अंतरावर पूर्ण बंद. आज-काल बंद झालेली नव्हे, कैक महिन्यांपूर्वीची, कदाचित वर्षांचीही. मग माणूस जिवंत कसा, असं मी विचारलं. डॉक्टरांनी डाव्या नसेतून निघालेल्या, केसासारख्या बारीक, वाकड्यातिकड्या रेषा दाखवल्या. रक्ताने स्वतःच आडवाटा काढल्या होत्या. त्यांच्यावर हृदयाचा तो भाग जगत होता. बसल्या जागी पुरत होतं, चालताना पुरत नव्हतं. आधी गोळ्या देऊन पाहिल्या. छाती दाटायची ती दाटायचीच. मग छाती न फाडता, तार घालून नस उघडायचं ठरलं.

त्या दिवसाबद्दल लिहिताना आत्ताही माझे कान गरम होतात.

नवरा खाली औषधं आणायला गेला होता. सिस्टर तयारीला आली. तार हातातून घालणार होते, पण गरज पडली तर म्हणून जांघेतलीही तयारी करून ठेवतात. कॉटभोवतीचा पडदा निसटलेला होता. सिस्टर माझ्याकडे चादर फेकत म्हणाली, "ताई, ही जरा धरा. आजोबा, धोतर सोडा. लाजू नका, आम्हाला रोजचंच आहे हे." ती मोठ्याने बोलत होती, कारण म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असं तिला वाटत होतं. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

मी भिंतीकडे तोंड करून चादर धरून उभी राहिले. समोर एक कॅलेंडर होतं. त्यातल्या सगळ्या सणवारांची नावं मी वाचून काढली. चादरीच्या पलीकडे केस काढायच्या मशीनची घरघर. एकदाच नजर चुकून वळली तेव्हा आण्णांचा चेहरा दिसला, फक्त चेहरा. त्यांनी कोपर डोळ्यांवर घेतलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते. स्वतःच्या घरात खाकरल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. त्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. सिस्टर तिचं काम करत होती, मी चादर धरली नसती तर आणखी चार जणांनी पाहिलं असतं. चूक असती तर बरं झालं असतं; कुणावर तरी रागावता आलं असतं. नुसती लाज होती, आणि ती आम्हा दोघांत सारखी वाटलेली.

आणि एवढं होऊन नस उघडलीच नाही. आधी मऊ तार, मग कडक, मग त्याहून कडक. पण तार वाट सोडून नसेच्या भिंतीत शिरायला लागली. डॉक्टर थांबले. आणखी रेटलं असतं तर नस फाटली असती, असं बाहेर येऊन त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं. काही आठवड्यांनी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करता येईल, म्हणाले.

घरी आल्यावर आण्णा घरात आलेच नाहीत. गोठ्याच्या कडेला बाज टाकली आणि तिथंच राहायला लागले. जेवणाचं ताट मी गोठ्याच्या दाराशी ठेवायची. मी वळले की ते उचलायचे. खाकरणं बंद. घरात शिरणंच नाही तर खाकरायचं कशाला? तांबडीशीही बोलेनात. किसनबाप्पा भेटायला आले, त्यांना थट्टेशिवाय प्रेम करता येत नाही. "काय आण्णा, तार अर्ध्यातून माघारी आल्ती म्हणं? तुमच्यासारखीच हट्टी दिसती नस!" आण्णा हसले नाहीत. ते गेल्यावर मुलाला एवढंच म्हणाले, "मी पुन्यांदा तिथं येत न्हाई. मरू दे मंग."

"का पण, आण्णा?"

"न्हाई म्हनलो ना."

का, ते घरात मला एकटीला माहीत होतं. आणि ते सांगायला माझी जीभ नवऱ्यापुढेही उचलत नव्हती.

दिवसेंदिवस त्यांचं चालणं आखडत गेलं. आधी शेताचं टोक सुटलं, मग बोअर, मग लिंब. बाजेवरून हौदापर्यंत जाऊन तांबडीला पाणी पाजलं की परत येऊन छाती चोळत बसायचे. मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बोलणारे होते, वेळ देणारे. त्यांनी आधीच सांगितलं, "ही नस उघडली म्हणून आयुष्य वाढेलच, असं वचन मी देणार नाही. पण हृदयाचा तो भाग जिवंत आहे. रक्त पोचलं तर चालताना छाती दाटणं कमी व्हावं. चालणं त्यांना किती महत्त्वाचं आहे, ते तुम्ही ठरवा." मग तीन पद्धती समजावल्या. छाती उघडून बायपासही होता, पण एका नसेसाठी या वयात तो नको, असं त्यांचं मत पडलं.

परतताना मोटारसायकलीवर नवरा म्हणाला, "तूच सांग त्येंला. मला ते भिंतीतून अन् मागून काही उमजलं न्हाई."

"मी कशी सांगू?"

"मंग मी कसा सांगू?"

आमचं घर असं. सगळ्यांची जीभ शाबूत आणि बोलणारं कुणी नाही.

संध्याकाळी मी धार काढायला बसले. आण्णा बाजेवर, माझ्याकडे पाठ करून. मी तांबडीच्या पोटाला डोकं टेकवलं आणि बोलायला लागले.

"तांबडे, आपली पांद आठवती का? वस्तीवरून सडकेला जाणारी? तिच्यात वेडी बाभूळ माजली होती अन् वाट बंद झाल्ती. लोकं बांधाबांधानं जायचे. पायी माणूस जायचा, गाडी जायची न्हाई. आण्णांच्या काळजाची पांद तशी झालीय."

बाजेची करकर झाली. ते हलले होते, पण वळले नाहीत.

"आता पांद उघडायच्या तीन रीती. एक म्हणजे सरळ समोरून बाभूळ तोडत जायचं. सगळ्यांत सोपं, कमी वेळाचं. पण आपल्या पांदीत आत शिरायला तोंडच दिसत न्हाई. मागच्या बारीला तसंच केल्तं अन् तार धुऱ्यात, कडेच्या बांधात घुसली. दुसरी रीत म्हणजे मुद्दामच धुऱ्यातून, भिंतीच्या आतून जायचं अन् बाभूळ संपली की परत पांदीत उतरायचं. पण उतरायला पुढं चांगली जागा लागती, न्हाई तर मधल्या फुटलेल्या वाटा बुजून जातेत. अन् तिसरी रीत मागून. दुसऱ्या नसेतून त्या बांधाबांधाच्या बारीक वाटेनं जायचं, सडकेकडून पांदीत शिरायचं अन् उलट्या बाजूनं बाभूळ तोडत यायचं. तिकडून ती विरळ दिसती म्हणे. पण वेळ लागतो, अन् बारीक वाट फुटली तर धोका हे. डॉक्टर म्हणतेत, आण्णांना तिसरीच रीत बरी."

इथपर्यंत मी कॉलेजात सेमिनार दिल्यासारखी बोलले. मग अडले. मागून जायचं तर दोन दारं लागतात. दोन्ही नसांत एकाच वेळी नळ्या घालाव्या लागतात. एक हातातून. आणि दुसरी...

"तांबडे, दुसरी नळी..." मी म्हटलं. दुधाची धार थांबली. हृदयाचे चार कप्पे मी झोपेत सांगेन, परीक्षेत मांडीच्या नसेचं इंग्रजी नाव लिहून मार्क घेतले होते मी. तेच आपल्या बोलीत, त्या माणसाच्या पाठीला ऐकवायला माझं तोंड उघडेना. एवढं शिकून, एवढा तोरा मिरवून, मी एका साध्या शब्दाला लाजले. आणि लाजले याचीही लाज वाटली.

"दुसरी तिथूनच," मी कसंबसं म्हटलं.

आण्णा उठले आणि अंधार पडायच्या आधीच पांघरूण घेऊन आडवे झाले.

सकाळी मी ताट ठेवून वळले तर मागून आवाज आला. किती दिवसांनी आवाज आला!

"तांबडे, मानसाला हात दोन असतेत."

मी तशीच घरात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही हातांतून करता येईल का? डॉक्टर म्हणाले, "येतं. नळ्या जरा बारीक वापराव्या लागतील, आधार कमी मिळेल. प्रयत्न करू. पण मनगटातली नस आखडली, तर जांघेतून जावंच लागेल. हे त्यांना आधी सांगून ठेवा." मी सगळं तांबडीला सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा, लपवलं काही नाही. आण्णा बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"बराबर हे," ते म्हणाले. "पर तांबडे, तिथं घरचं कोन्ही बाजूला उभं ऱ्हायचं न्हाई."

या खेपेला मी सिस्टरला आधीच गाठलं, तयारीला पुरुष माणूस मागितला, नवऱ्यालाही बाहेर काढलं. सिस्टर म्हणाली, "एवढं काय त्यात, ताई?" मी म्हटलं, "आहे." आत नेताना आण्णा स्ट्रेचरवर माझ्यासमोरून गेले. डोळे छताला लावलेले. दारापाशी स्ट्रेचर जरा थांबलं, तेव्हा ते खाकरले.

खूप वेळ गेला. नवरा चहाला खाली गेला आणि नेमके तेव्हाच डॉक्टर बाहेर आले. कपाळावर टोपीचा वळ. नस उघडली होती. तार डाव्या नसेतून, त्या केसासारख्या वाटेने, मागून येऊन निघाली होती. स्टेंट बसले होते. मी हात जोडले. डॉक्टर जायला वळले आणि थांबले.

"एक सांगायचं आहे. डावं मनगट आखडलं, नळी पुढं जाईना. मी त्यांना टेबलावरच विचारलं. जागे असतात ना पेशंट. ते म्हणाले, घ्या तिकडून. पण बाहेर माझी सून उभी हे, तिला हातातूनच झालं म्हणा." डॉक्टर जरा ओशाळल्यासारखे हसले. "त्यांचा निरोप मी पोचवला. पण पाय उद्यापर्यंत सरळ ठेवायचा आहे, वाकवला तर रक्त येईल. लक्ष तुम्हीच ठेवणार, म्हणून खरं सांगावं लागलं."

वॉर्डात आण्णा गळ्यापर्यंत चादर घेऊन पडले होते. दोन्ही मनगटांना पट्ट्या. ते हात त्यांनी चादरीच्या वर, मला दिसतील असे ठेवले होते. उजवा पाय हळूच गुडघ्यात वाकायला लागला होता. तांबडी तर नव्हती. मी सलाईनच्या स्टँडकडे पाहिलं.

"हातातून झालं तरी," मी स्टँडला म्हटलं, "पाय सरळच ठेवावा लागतो म्हणे. सगळ्यांनाच सांगतेत."

पाय सरळ झाला.

"बराबर हे," आण्णा स्टँडला म्हणाले.

घरी आल्यावर काही दिवस ते जरा फेंगडे चालत होते. किसनबाप्पांनी विचारलं तर म्हणाले, "चप्पल लागलीय." मी तांबडीला सांगितलं, मालकांना नवी चप्पल आणायला सांग. नवऱ्याने खरंच आणली. आण्णांनी ती मुकाट्याने घातली, आणि तिच्यावर मग बोअरपर्यंत गेले, मग शेताच्या टोकापर्यंत. धाप पूर्ण गेली असं नाही. चढाला थांबायचे, पण आता बोंडं पाहायचं सोंग न करता थांबायचे. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. लिंबापाशी खाकरल्याचा आवाज आला, पहिल्यासारखा खणखणीत. मग पायरीवर. मी हातातलं टाकून पदर घेतला. तव्यावरची भाकरी करपली. आण्णा घरात आले, त्यांच्या जागेवर बसले आणि तीच करपलेली भाकरी खाल्ली. त्याच रात्री त्यांची बाज घरात आली, ती परत गोठ्यात गेली नाही.

त्यानंतर कैक वर्षं ते हिंडले. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि अंबडच्या दवाखान्यातच वारले. त्या नसेचा त्यात काही संबंध नव्हता, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. आमचं एकमेकांशी समोरासमोर बोलणं शेवटपर्यंत झालं नाही. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते, तर ते खिडकीला म्हणाले, "तांबडीला पानी पाजलं का कोन्ही?" मी खिडकीला म्हटलं, "पाजलं."

त्यांना आंघोळ घातली ती अंगणात, लिंबाखाली. पुरुषांनी चारही बाजूंनी धोतराचा आडोसा धरला होता. मी चुलीपुढे पाणी तापवत होते, तिकडे पाठ करून. सगळं घर माणसांनी भरलेलं, आणि तरी माझे कान पायरीकडे. नवरा पाण्याची घागर न्यायला आत आला. डोळे सुजलेले. घागर उचलायच्या आधी माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला,

"अगं, आण्णांच्या जांघेत बारीक काळा डाग हे. टोचल्यासारखा. कशाचा असंल?"

मी डोक्यावरचा पदर नीट केला.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "त्यांचं तर हातातूनच झाल्तं."